तीस चौकोनांचा कुसुदामा

झेरॉक्सच्या दुकानात मिळणारे तीन रंगांचे तीन ए-४ कागद, स्टीलची पट्टी, धारदार कटर आणि दोन मोकळ्या संध्याकाळी एवढ्या भांडवलावर तळहातावर मावेल असा वीस टोकांचा कागदी गोळा तयार होतो. त्याला डिंक लागत नाही आणि टाचणीही लागत नाही. तीस सारखी युनिटं एकमेकांच्या खिशांत अडकतात आणि एकमेकांना धरून ठेवतात. खिडकीत, गणपतीच्या मखरावर किंवा दिवाळीत कंदिलाशेजारी टांगायला याच्याइतकी देखणी आणि स्वस्त वस्तू मला दुसरी माहीत नाही. हा गोळा जमतो की बिघडतो ते जोडणीच्या वेळी ठरत नाही, पहिल्या दोन-तीन घड्यांतच ठरतं. म्हणून या लेखाचा बराचसा भाग मी त्या घड्यांवरच खर्च करणार आहे.

अशा गोळ्यांचं मूळ जपानमध्ये आहे. तिथे त्यांना कुसुदामा म्हणतात. हेइआन काळात, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वी, पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी जपानी दरबारात सुगंधी द्रव्यं आणि औषधी वनस्पतींचे गोळे टांगत. त्यांना पाच रंगांचे लांब दोरे सोडलेले असत. घरात रोगराई शिरू नये हा त्यामागचा हेतू. वनस्पतींची जागा पुढे कागदानं घेतली, पण खालचे रंगीत दोरे आजच्या गोंड्यात टिकून आहेत. पारंपरिक कागदी कुसुदामा शिवत किंवा चिकटवत. सुटे तुकडे एकमेकांत अडकवून घनाकृती करण्याची युक्तीही तशी जुनी आहे. १७३४ मध्ये छापलेल्या ‘रानमा झुशिकी’ या जपानी पुस्तकातल्या एका चित्रात ‘तामातेबाको’ नावाची अशी कागदी पेटी दिसते.

आपण ज्या युनिटपासून सुरुवात करणार आहोत ते मात्र अलीकडचं. मित्सुनोबु सोनोबे यांचं नाव त्याला मिळालं आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते पुढे आलं आणि सुरुवातीला त्याचा उपयोग सहा युनिटांचा घन करण्यापुरता होता. त्याच युनिटच्या तिसांतून गोल आकार निघतो हे १९७० च्या दशकात स्टीव्ह क्रिम्बॉल यांनी दाखवलं, आणि तिथून या प्रकाराला खरं तोंड फुटलं. पुढे जपानच्या तोमोको फुसे यांनी पुस्तकांमागून पुस्तकं लिहून युनिट ओरिगामी जगभर नेली. कोलकात्यात जन्मलेल्या, आयआयटी खरगपूरला शिकलेल्या आणि आता कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मीनाक्षी मुखर्जी यांचं ‘मार्व्हलस मॉड्युलर ओरिगामी’ हे २००७ चं पुस्तक तर या विषयात ज्याला पुढे जायचं आहे त्यानं घ्यावंच.

कागद आणि कापणी

पहिल्या गोळ्यासाठी ७० ते ८० जीएसएमचा, दोन्ही बाजूंनी रंगीत असलेला साधा ए-४ कागद घ्या. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा घोटीव कागद रंगानं मोहवतो, पण तो पातळ आणि गुळगुळीत असतो, त्यामुळे अडकवलेली टोकं निसटतात. पतंगी कागद तर या कामाला अजिबात नको. दुसऱ्या टोकाला कार्डशीट आणि जाड हातकागद. त्यांच्या थरावर थर आले की घडी फुगते आणि खिशात काही शिरत नाही. ओरिगामीसाठी म्हणून मिळणारा १५ सेंटिमीटरचा चौकोनी कागद उत्तम. मात्र तो महाग पडतो आणि सरावात वाया घालवायला जिवावर येतं.

ए-४ घेण्यामागे एक हिशेबही आहे. हा कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर लांब असतो. ७ सेंटिमीटरचे चौकोन कापायचे ठरवलं, तर रुंदीत बरोबर तीन बसतात आणि लांबीत चार. म्हणजे एका कागदातून १२ चौकोन, आणि वाया जाते ती फक्त १.७ सेंटिमीटरची पट्टी. गोळ्याला प्रत्येक रंगाचे १० चौकोन लागतात, त्यामुळे तीन कागदांतून प्रत्येक रंगाचे दोन-दोन चौकोन राखीव उरतात. ते सरावाला वापरा. सात सेंटिमीटर फार लहान वाटत असेल, चष्मा लागत असेल किंवा हाताशी मुलं असतील, तर १० सेंटिमीटरचे चौकोन करा. एका ए-४ मधून असे चारच निघतात, त्यामुळे कागद बराच जास्त लागेल आणि वायाही जाईल, पण बोटांना मोकळीक मिळेल. चौकोन आणि गोळा यांच्या मापांचा एक नियम आहे, तो लक्षात ठेवला की आधीच अंदाज येतो. तीस युनिटांच्या गोळ्याचा व्यास चौकोनाच्या बाजूच्या सुमारे १.१६ पट येतो. सात सेंटिमीटरच्या चौकोनाचा गोळा आठ सेंटिमीटरचा, दहाचा साडेअकराचा आणि पंधराचा जवळजवळ साडेसतरा सेंटिमीटरचा होतो.

कापणी कात्रीनं करू नका. स्टीलची पट्टी दाबून धरायची, खाली जुना पुठ्ठा ठेवायचा आणि कटर एकाच दिशेनं ओढायचा. एका वेळी तीनपेक्षा जास्त कागद एकावर एक ठेवू नयेत, खालचे सरकतात. बरेच गोळे करायचे असतील तर बाइंडिंगवाल्याकडच्या मशीनवर चौकोन कापून घ्या, पण त्याला एक नमुना कापायला लावा आणि तो कर्णावर दुमडून बघा. समोरासमोरचे दोन्ही कोपरे तंतोतंत एकमेकांवर आले तर चौकोन खरा. एक मिलिमीटरचा फरक एका युनिटमध्ये दिसतही नाही. तीस युनिटांत तो साठत जातो आणि शेवटची तीन युनिटं जागेवर बसायला नकार देतात.

एक युनिट

आता नीट बसा. टेबल कडक असावं, गादीवर किंवा मांडीवर हे काम होत नाही. चौकोन समोर ठेवा. कागद एकाच बाजूनं रंगीत असेल तर रंग खाली.

खालची कड वरच्या कडेवर आणून घडी घाला आणि उघडा. मधोमध आडवी रेघ मिळाली. आता वरची कड या रेघेवर आणा, घडी घाला. खालची कडही त्याच रेघेवर आणा, घडी घाला. कपाटाची दोन दारं मिटल्यासारखी ही घडी दिसेल, म्हणून पुढे मी यांना वरचं दार आणि खालचं दार म्हणणार आहे. दारं उघडा. कागदावर आता तीन समांतर आडव्या रेघा आहेत.

वरचा डावा कोपरा आत दुमडा, असा की कोपऱ्याचं टोक वरच्या दाराच्या रेघेला बरोबर टेकेल. लहानसा त्रिकोण तयार होईल. तसाच खालचा उजवा कोपरा आत दुमडा, खालच्या दाराच्या रेघेपर्यंत. फक्त हे दोनच कोपरे, बाकीच्या दोघांना हात लावायचा नाही. आता दोन्ही दारं पुन्हा मिटा. समोर एक आडवी पट्टी दिसेल, तिची उंची मूळ चौकोनाच्या निम्मी.

पट्टीचा खालचा डावा कोपरा उचला आणि वर न्या, म्हणजे पट्टीची डावी उभी कड तिच्या वरच्या कडेवर येऊन पडेल. घडी पक्की करा आणि थोडी उघडून हा मोठा त्रिकोण वरच्या दाराच्या खाली सरकवा. मघाशी दुमडलेला लहान कोपरा इथे उपयोगी पडतो, त्याच्यामुळे दाराला तिरपी कड मिळते आणि त्रिकोण अडखळत नाही. पट्टी अर्धी फिरवून, म्हणजे खालची बाजू वर करून, दुसऱ्या टोकाला हेच पुन्हा करा. हातात समांतरभुज चौकोन आला. त्याच्या एका अंगावर मधोमध एकमेकींना छेदणाऱ्या दोन फटी दिसतात, ती खिशांची बाजू. दुसरं अंग सपाट, कोरं.

कोरं अंग वर करा. या आकृतीला दोन टोकदार आणि दोन बोथट कोपरे आहेत. प्रत्येक टोकदार कोपरा त्याच्या तिरप्या कडेवरच्या बोथट कोपऱ्यावर आणून दुमडा. दोन्ही टोकं आत आली की छोटा चौकोन उरतो. आता उलटा, खिशांची बाजू वर घ्या. बोथट कोपरे जोडणाऱ्या कर्णावर चौकोन अर्धा दुमडा, खिसे आत झाकले जातील असा. घडी पक्की करून सोडून द्या, युनिट आपोआप थोडं उघडेल. टोकांच्या घड्या एका दिशेनं आणि मधली घडी त्याच्या उलट दिशेनं, अशी ही रचना आहे. युनिट तयार.

प्रत्येक घडी नखानं किंवा चमच्याच्या पाठीनं दाबा. हे मी शोभेसाठी सांगत नाही. डिंक नसलेल्या रचनेत पकड येते ती फक्त घडीच्या तीक्ष्णपणातून आणि कागदाच्या घर्षणातून. ढिली घडी म्हणजे ढिला सांधा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे युनिटची दिशा. पहिल्या युनिटमध्ये वरचा डावा आणि खालचा उजवा कोपरा आत घेतला असेल, तर तिसाव्या युनिटपर्यंत हेच दोन कोपरे. एखाद्यात चुकून वरचा उजवा आणि खालचा डावा घेतला गेला तर त्याची आरशातली प्रतिमा तयार होते. दिसायला ते युनिट इतरांसारखंच असतं, पण त्याचं टोक शेजाऱ्याच्या खिशात कधीच जात नाही. तपासणी सोपी आहे. टोकं सपाट उघडून, खिसे वर करून युनिट असं ठेवा की त्याच्या दोन आखूड कडा वर आणि खाली आडव्या येतील. टोकदार कोपरे वर डावीकडे आणि खाली उजवीकडे आले पाहिजेत. जोडणीला बसण्याआधी सगळी युनिटं या कसोटीतून घाला. घरातली चार माणसं मिळून घड्या घालत असतील, त्यातलं कुणी डावखुरं असेल, तर ही तपासणी चुकवूच नका.

सवय झाली की एका युनिटला दीड-दोन मिनिटं लागतात. तयार युनिटं रंगवार गठ्ठे करून जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबून ठेवा. दुसऱ्या दिवशी ती जास्त आज्ञाधारक असतात.

सहा, बारा आणि मग तीस

एकदम तिसांवर उडी घेऊ नका. आधी सहा युनिटांचा घन करा. त्यासाठी मधली कर्णावरची घडी सपाट करून टाका, टोकांच्या घड्या मात्र काटकोनात ठेवा. एका युनिटचं टोक घ्या आणि दुसऱ्या युनिटच्या मधल्या फटीतून दाराखाली सरकवा, टोकाची घडी शेजाऱ्याच्या चौकोनाच्या कडेवर येऊन बसेपर्यंत. टोकाचा साधारण अर्धा भाग खिशात जातो आणि अर्धा बाहेर दिसतो. तो तसाच दिसायला हवा, म्हणून जबरदस्ती करून आणखी आत कोंबू नका. दोन-दोन युनिटं एका रंगाची घेतली आणि ती समोरासमोर ठेवली तर तीन रंगांचा नीटस घन होतो. सात सेंटिमीटरच्या कागदाचा असेल तर त्याची बाजू अडीच सेंटिमीटरच्या आसपास भरते.

घन जमला म्हणजे तुम्हाला जोडणीचा मूळ धडा आला. बाकीचं सगळं त्याच धड्याची पुनरावृत्ती आहे. तो धडा असा: तीन युनिटं घ्या, आता मधल्या कर्णाची घडी पुन्हा जिवंत करा. पहिल्याचं टोक दुसऱ्याच्या खिशात, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या, तिसऱ्याचं परत पहिल्याच्या. तीन बाजूंचा एक छोटा पिरॅमिड उभा राहतो. प्रत्येक युनिट अर्धं या पिरॅमिडमध्ये असतं आणि अर्धं शेजारच्या पिरॅमिडमध्ये. त्याच्या मधल्या घडीची रेघ दोन पिरॅमिडांच्या मधल्या दरीत येते.

आता फक्त एकच प्रश्न उरतो: दरीच्या टोकाशी, म्हणजे पिरॅमिडांच्या पायथ्याचे कोपरे जिथे एकत्र येतात त्या खड्ड्याभोवती, किती पिरॅमिड ठेवायचे? तीन ठेवले तर घन होतो. चार ठेवले तर बारा युनिटांचा, आठ पिरॅमिडांचा तारा होतो. पाच ठेवले तर तीस युनिटांचा गोळा. यामागची भूमिती समजली तर कृती पाठ करावी लागत नाही. आठ समान त्रिकोणांच्या अष्टफलकाला १२ कडा असतात आणि वीस त्रिकोणांच्या विंशतिफलकाला ३०. आपलं प्रत्येक युनिट म्हणजे त्यातली एक कड, आणि प्रत्येक त्रिकोणावर एक पिरॅमिड उभा. विंशतिफलकाचे कोपरे १२, कडा ३०, बाजू २०. म्हणून गोळ्याला टोकं वीस आणि खड्डे बारा. कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवण्याचा विचार आपल्याकडेही जुना आहे. टी. सुंदर राव यांचं ‘जिओमेट्रिक एक्सरसाइझेस इन पेपर फोल्डिंग’ हे पुस्तक १८९३ मध्ये मद्रासला निघालं, आणि जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतल्यानं ते युरोप-अमेरिकेत पोचलं. मराठीत अनिल अवचट यांनी ‘छंदांविषयी’ या पुस्तकात ओरिगामीवर लिहिलं आणि कागद दुमडणं हा मोठ्या माणसांनीही जीव लावून करण्याचा उद्योग आहे हे कितीतरी घरांना पटलं.

तिसांची जोडणी अशी करा. तीन युनिटांचा एक पिरॅमिड बनवा. त्याच्या पायथ्याच्या एका कोपऱ्याभोवती दोन-दोन युनिटं वाढवत पाच पिरॅमिडांचं कडं पूर्ण करा. त्यासाठी एकूण दहा युनिटं लागतात: पाच मध्यातून निघणारी आणि पाच बाहेरच्या कडेची. हे कडं वाटीसारखं आत वळलं पाहिजे. सपाट राहत असेल तर बहुधा पाचाऐवजी सहा पिरॅमिड झाले आहेत. मोजा. नवशिक्यांच्या गोळ्याला पोक येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच असतं, कुठेतरी पाचाच्या जागी चार किंवा सहा आलेले असतात आणि ते पंचवीस युनिटं झाल्यावर ध्यानात येतं. प्रत्येक खड्डा मिटला की बोट ठेवून पाच मोजायची सवय लावून घ्या.

पहिलं कडं झालं की त्याच्या कडेवरच्या कोपऱ्यांपाशी जा आणि प्रत्येक कोपऱ्याभोवती पाच पूर्ण करत चला. दहा ते अठरा युनिटांचा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा. रचना अजून उघडी असते, आपल्या वजनानं सैल होते, एक टोक बसवलं की दुसरं सुटतं. कपडे वाळत घालायचे लहान चिमटे इथे फार कामाचे. बसवलेला सांधा चिमट्यानं धरून ठेवा आणि पुढे चला. वीस युनिटांनंतर चित्र पालटतं, प्रत्येक नवं युनिट रचनेला घट्ट करत जातं. शेवटच्या पिरॅमिडची टोकं बोटांनी आत जाणार नाहीत, कारण आतून आधार द्यायला जागा उरलेली नसते. बोथट विणकामाची सुई फटीत घालून दार किंचित उचला आणि टोक तिच्या आधारानं आत सरकवा. टोकदार सुई नको, कागद फाटतो.

टांगायचा दोरा या शेवटच्या पिरॅमिडच्या आधी घालायचा असतो, हे बहुतेकांना गोळा मिटल्यावर आठवतं. रेशमी दोऱ्याच्या टोकाला शर्टाचं बटण किंवा मोठा मणी बांधा. बटण आत राहू द्या आणि दोरा एखाद्या पिरॅमिडच्या शेंड्यातून बाहेर काढा, तिथे तीन युनिटं मिळतात आणि नैसर्गिकच बारीक छिद्र असतं. समोरच्या शेंड्यातून दुसरा दोरा काढून त्याला गोंडा बांधला की कुसुदाम्याला त्याचं जुनं रूप मिळतं. माझ्या मते गोंड्याशिवाय हा गोळा अपुरा वाटतो, आणि गोंडा गोळ्याच्या व्यासाच्या दुप्पट तरी लांब हवा.

रंग

तीन रंगांत, दहा-दहा युनिटांत, सगळ्यात सुंदर गोळा होतो. नियम एकच: प्रत्येक पिरॅमिडमध्ये तिन्ही रंग एकेकदा आले पाहिजेत. तो पाळला की प्रत्येक खड्ड्याभोवतीच्या पाच युनिटांत एक रंग एकदाच आणि उरलेले दोन रंग दोन-दोनदा येतात, आणि सारखा रंग शेजारी येत नाही. खड्डा मिटताना हेही तपासा. पुढे गेल्यावर एखाद्या ठिकाणी कोंडी होऊ शकते, हातात हिरवं उरतं आणि जागा पिवळ्याची असते. अशा वेळी जवळची चार-पाच युनिटं सोडवून त्यांची अदलाबदल करावी लागते. म्हणून अठराव्या-विसाव्या युनिटला थांबून उरलेल्या जागा डोळ्यांनी भरून बघा. बारा युनिटांच्या ताऱ्यात हे फार सोपं आहे. चार-चार युनिटांचा एकेक रंग घ्या, प्रत्येक रंगाचा एक पट्टा गोळ्याभोवती फिरतो आणि खड्ड्यापाशी दोन रंग एकाआड एक येतात.

रंग निवडताना गडद-फिक्याचा फरक ठेवा. मरून, केशरी आणि पिवळा एकत्र छान दिसतात असं वाटतं, पण संध्याकाळच्या उजेडात मरून काळपट होतो आणि दुसरे दोन मिसळून जातात. गर्द निळा, पांढरा आणि केशरी, किंवा हिरवा, पांढरा आणि गुलाबी हे लांबूनही उठून दिसतात. पांढऱ्याला घाबरू नका. प्रत्येक बाजूवर शेजारच्या युनिटचं टोक अर्धं दिसत असल्यानं पांढऱ्यालगत दुसरा रंग येतोच. छापील नक्षीचा कागद मात्र टाळावा. इतक्या बाजू, इतक्या सावल्या असताना नक्षीची गर्दी होते.

सण, पावसाळा आणि उजेड

महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, तेव्हापासून गणपतीच्या मखराला कागदाकडे वळणारी घरं वाढली. त्यांना माझी सूचना अशी: एक मोठा गोळा करण्यापेक्षा तीन आकारांचे सात-आठ गोळे करा आणि ते वेगवेगळ्या उंचीवर टांगा. मध्ये बारा युनिटांचे छोटे तारे सोडा. पण गणपती भर पावसात येतात. कोकणात आणि गोव्यात तर त्या दिवसांत कागद हवेतलं पाणी पिऊन मऊ पडतो आणि सांधे सुटू लागतात. दोन उपाय आहेत. युनिटं उन्हाळ्यात किंवा कोरड्या दिवशी करून हवाबंद डब्यात, औषधांच्या बाटलीत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि जोडणी सणाच्या आदल्या दोन दिवसांत करा. आणि अशा हवेत कागद ८० जीएसएमचाच घ्या. तरीही सैल वाटलं तर टोक खिशात घालण्यापूर्वी त्यावर फेविकॉलचा बारीक ठिपका लावायला हरकत नाही. काही शुद्धतावादी याला नाक मुरडतात. मी म्हणेन, महिनाभर टांगून राहायचा गोळा असेल तर बेलाशक लावा, फक्त सरावाच्या गोळ्याला लावू नका, कारण तो सोडवून पुन्हा जोडण्यातच शिकणं आहे.

कंदील म्हणून या गोळ्याचा उपयोग करू नये. तो बंद असतो, आतला उजेड फारसा बाहेर येत नाही, आणि पणती किंवा तापणारा बल्ब कागदाजवळ नेणं धोक्याचं. उजेड हवाच असेल तर बाहेरून एलईडीची बारीक माळ गुंडाळा, ती तापत नाही. आतून उजळणारा गोळा करायचा असेल तर जाळीदार युनिटं वापरायला हवीत. अमेरिकी गणिती थॉमस हल यांचं १९९३ मधलं ‘फिझ’ युनिट त्यासाठी चांगलं. त्याची तीस युनिटं जोडली की बारा पंचकोनांचा पोकळ गोळा होतो आणि नव्वद जोडली की फुटबॉलच्या शिवणीसारखी पंचकोन-षटकोनांची जाळी.

सोनोबेची नव्वद युनिटंही जोडता येतात. तेव्हा साठ पिरॅमिड होतात, बारा ठिकाणी पाच-पाच आणि बाकी वीस ठिकाणी सहा-सहा. तो मोठा गोळा दिसायला भव्य, पण स्वतःच्या वजनानं जरा चपटा पडतो. तिसांचा गोळा किमान तीन-चारदा न अडखळता होईपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नये. फुलांचा म्हणून ओळखला जाणारा कुसुदामा हा आणखी वेगळा प्रकार. त्यात पाच पाकळ्यांची बारा फुलं, म्हणजे साठ चौकोन लागतात आणि ती चिकटवावीच लागतात. लग्नाच्या सजावटीला तो शोभतो. पण घडीची शिस्त शिकायची असेल तर आधी सोनोबेच करा.

मुलांना शिकवणाऱ्यांसाठी थोडं. साधारण आठ-नऊ वर्षांच्या पुढचं मूल हे युनिट नीट करू शकतं. वर्गात प्रत्येकाला पूर्ण गोळा करायला लावलात तर निम्मी मुलं मध्येच सोडतील. त्याऐवजी सहा मुलांच्या गटानं एकेक युनिट करून एक घन जोडावा, मग दोन गटांनी मिळून बारांचा तारा, मग पाच गटांनी मिळून तिसांचा गोळा. एकाचं युनिट वाकडं असेल तर ते कुठे अडतंय हे गटाला लगेच कळतं आणि मुलं आपापली घडी सुधारतात. तुम्ही चुका दाखवायला जाऊ नका, सांधाच त्या दाखवतो. आणि आधी कापलेले चौकोन देऊ नका. मोजून, आखून, स्वतः कापू द्या, मोठ्यांच्या देखरेखीखाली.

शेवटी भेट देण्याबद्दल. जोडलेला गोळा पाठवणं कठीण, खोक्यात तो दबतो. पण सुटी युनिटं सपाट असतात. सात सेंटिमीटरच्या चौकोनांची तीस युनिटं मिळून ८० जीएसएमच्या कागदात बारा ग्रॅमच्या आसपास भरतात आणि साध्या लिफाफ्यात बसतात. परदेशी असलेल्या लेकीला, भाच्याला, नातवंडांना दिवाळीच्या आधी ती पाठवा, सोबत एक जोडलेला पिरॅमिड नमुन्यादाखल आणि ‘प्रत्येक खड्ड्याभोवती पाच’ एवढी चिठ्ठी. दोन युनिटं जास्तीची घालायला विसरू नका.